आधी टाच

बॅट घेऊन खेळपट्टीवर आला की तो लगेच पवित्रा घ्यायचा नाही. आधी उजव्या पायाची टाच जमिनीवर तीन वेळा मारायचा. जोरात नाही. आत कोणी झोपलं असेल तर उठवावं की नको, अशा विचारात माणूस दार वाजवतो ना, तशी. मग मान जराशी वाकडी करून थांबायचा, जणू खालून कोणी ओ देणार आहे. ते झालं की अंपायरकडे बघायचा.

तुम्ही क्रिकेट बघत असाल तर फलंदाजांच्या अशा सवयी तुम्हाला माहीत असतील. कोणी हातमोज्याची पट्टी सारखी सोडतो आणि बांधतो, कोणी गळ्यातला ताईत ओठाला लावतो. टीव्हीवरचे लोक त्याला अंधश्रद्धा म्हणतात किंवा एकाग्रता म्हणतात. दादूसची टाच कुठून आली हे आमच्या गावाला माहीत आहे. ते सांगावं असं बरेच दिवस मनात होतं. मला लिहायची फार सवय नाही. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली, त्यामुळे माझं काही चुकलं तर घरात कोणी तपासून देत नाही. एकदा चुकलंही होतं. तेही यात येईल.

सगळा गाव त्याला दादूस म्हणतो. म्हणजे मोठा भाऊ. त्याच्याहून वयाने मोठी माणसंही दादूसच म्हणतात. त्याचं खरं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्याला ते आवडणार नाही. आमची आणि त्याची भिंत एकच. त्याच्या आईने, म्हणजे काकीने, तव्यावर भाकरी टाकली की आमच्याकडे आवाज येतो.

आमचं गाव उरणच्या बाजूला. एका अंगाला कंटेनरची यार्डं आणि दुसऱ्या अंगाला उरलेली मिठागरं. दादूसचा बाप मिठागरावर काम करायचा. त्यातला एक वाफा बंद पडला होता. तळ तुडवून तुडवून सिमेंटसारखा झालेला, वर पांढरी पापुद्री. गावातली पोरं तिथे खेळायची. चारही बाजूंच्या वाफ्यांत खारं पाणी भरलेलं असायचं. म्हणून नियम असा होता, की चेंडू उचलून पाण्यात घातला की बाद, आणि तो काढायला ज्याने मारला त्यानेच उतरायचं. मिठागराच्या पाण्यात उतरलेला माणूस दुसऱ्यांदा उतरायचं टाळतो. पायाला बारीक चीर असली तरी डोळ्यांतून पाणी काढतं ते.

दादूस एकदाच उतरला म्हणतात. त्यानंतर त्याने चेंडू हवेत मारलाच नाही. चेंडू अगदी पोटाजवळ येईपर्यंत थांबायचा आणि मग मनगटाने जमिनीलगत सारायचा. कोणी विचारलं, एवढा वेळ का थांबतोस, तर म्हणायचा, “येव दे. मंग बगू.”

हे त्याचं सगळ्यालाच उत्तर होतं. पावसात घर गळेल म्हटलं, तरी येव दे, मंग बगू. लग्नाचं विचारलं तरी तेच. काकी वैतागून म्हणायची, याच्या तोंडात दुसरं वाक्य घालायचं देव विसरला.

टेनिसच्या चेंडूच्या स्पर्धांत त्याची फार चेष्टा व्हायची. तिथे लोक षटकार बघायला येतात. हा आला की माइकवरचा माणूस म्हणायचा, “आता दादूस मीठ ओढणार.” लांब दांड्याच्या फळीने वाफ्यातलं मीठ ओढतात, तशी याची बॅट जमिनीलगत फिरायची म्हणून. मग सगळी गर्दी हसत ओरडायची, ओढ, ओढ. तो हसायचा आणि ओढायचा. एकेक, दोन-दोन. सामना जिंकला तरी बक्षीस षटकारवाल्याला मिळायचं.

अशाच एका स्पर्धेत मुंबईच्या एका क्लबच्या सरांनी त्याला पाहिलं. पुढचं तुम्हाला थोडक्यात सांगते, कारण तो भाग पेपरांत येऊन गेला आहे. क्लब, मग राज्याचा संघ, मग बरीच वर्षं धावा. देशाच्या संघातून बोलावणं आलं नाही. आलं ते इंग्लंडमधल्या एका काउंटी क्लबचं. तिथे चेंडू हवेत वळतो, पडून आणखी वळतो. त्याला शेवटपर्यंत बघून खेळणारा माणूस त्यांना हवा होता. खाऱ्या पाण्याची भीती तिथे कामाला आली.

पहिला करार दोन वर्षांचा होता. जाताना काकीने सुकटीची पिशवी दिली आणि तांदळाचं पीठ. तिथे पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याने सुकट भाजली, आणि इमारतीची आगीची घंटा वाजून सगळे लोक थंडीत खाली उभे राहिले. हा हातात कालथा घेऊन. त्याचा फोन आला. मला तो बाय म्हणतो, धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. म्हणाला, “बाय, माफी मागायचं इंग्रजीत कसं लिवतात? मोठी माफी. सोळा घरांची.” मी दहावीच्या पुस्तकातून काढून लिहून दिलं. तेव्हापासून त्याचं इंग्रजी माझ्याकडे आलं. तो बोलायचा बऱ्यापैकी, पण कागद आला की घाबरायचा. चेंडूला न घाबरणारा माणूस दोन पानांना घाबरताना पाहून मला फार बळ यायचं. आता वाटतं, जरा जास्तच यायचं.

आता टाचेचं सांगते.

आमच्या गावदेवीची जत्रा चैत्र पुनवेला असते. सकाळी देवळातून पालखी निघते आणि खाडीच्या काठच्या देवीच्या जुन्या ठाण्यावर जाऊन येते. वाटेत मिठागराचा बांध लागतो. मातीचा, पालखीपुरताच रुंद, दोन्हीकडे पाणी आणि चिखल. खेकडे आतून पोखरतात, वरून काही कळत नाही. पालखीच्या पुढच्या उजव्या खांद्याचा मान दादूसच्या घराचा. मान म्हणजे नुसतं मिरवणं नाही. त्या माणसाने बांधावर पाऊल टाकण्याआधी टाच तीन वेळा मारून बघायची. माती भरीव असली तर आवाज वेगळा आणि पोकळ असली तर वेगळा. त्याने टाच मारली की मागचे सात जण थांबतात, तो निघाला की निघतात. त्याच्या बापाने त्याला लहानपणी हातात हात धरून त्या बांधावर चालवलं होतं. बाप गेल्यावर ते काम त्याच्याकडे आलं. काकीला तो एकुलता एक.

पालखी उचलण्याआधी गावकीचे नाना त्या घराचा पुकारा करतात. तीन वेळा. घरातल्या पुरुषाने “हाय” म्हणायचं आणि खांदा लावायचा. कोणी ओ दिली नाही, तर त्या सालापुरता दुसऱ्या कुणाला पुढे करतात. सलग तीन जत्रा ओ आली नाही, तर मान भावकीतल्या पुढच्या घराला जातो. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडलेला कोणी पाहिलेला नाही.

काउंटीचा हंगाम एप्रिलात सुरू होतो. चैत्र पुनवही बहुतेक एप्रिलात येते. पहिल्या करारात दोन जत्रा गेल्या.

दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात तो घरी आला तेव्हा क्लबची ई-मेल आलेली होती. करार एका वर्षाने वाढवायचा होता. आठवड्यात सही हवी होती. त्या हंगामात त्याने तिथे खूप धावा केल्या होत्या, क्लबचे लोक खूश होते. आमच्या ओटीवर बसून मी तो करार शब्दकोश घेऊन वाचला. वाचायला दोन संध्याकाळी लागल्या. तो वाल सोलत ऐकत होता. फोटोच्या हक्कांचं कलम आलं. मी सांगितलं, की त्याचे फोटो ते लोक जाहिरातीत वापरू शकतात. त्यावर त्याने विचार करून विचारलं, “मंग आयच्या भिंतीवरचा काढाया लागंल?” मी नाही म्हटल्यावर पुन्हा वाल सोलायला लागला.

सगळं वाचून झालं तरी तो वालच सोलत राहिला. मी म्हटलं, चांगला करार आहे, सही कर. तो म्हणाला, “दोन जत्रा गेल्या, बाय. तिसरी गेली तं मान जाईल. बापूस ऐंशीच्या तापात बांधावर उभा ऱ्हायलेला.” मग टोपल्यातली सोललेली आणि न सोललेली शेंग एकात मिसळली आणि पुन्हा निवडत बसला. ऐंशीचा ताप म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. तो फार ताप होता एवढं कळलं.

मी म्हटलं, रजा मागू या. तीन दिवसांची. करारातच लिहून घेऊ.

कॉलेजातला रजेचा अर्ज मला उत्तम येतो. मी तसाच लिहिला. वर आदरणीय महोदय, खाली आपला आज्ञाधारक. त्याने वाचायला लावलं तेव्हा विचारलं, “पालकांची सही लागल का?” आणि स्वतःच हसला. कारणाच्या जागी मी, नेहमी लिहितात तसं, अपरिहार्य घरगुती कारण असं लिहिलं होतं. ते मात्र त्याने खोडायला लावलं. “खरं लिव. पालखी लिव.” मग मी चार ओळींत देवी, पालखी आणि बांध बसवला. बांधाला काय म्हणायचं ते सापडेना, म्हणून मिठाच्या शेतातली मातीची भिंत असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. क्लबच्या व्यवस्थापकांनी लिहिलं होतं, की इतका सभ्य अर्ज त्यांना आजवर कोणी केलेला नाही, आणि तो त्यांनी कचेरीतल्या फळ्यावर लावला आहे. रजा द्यायला हरकत नाही. फक्त क्लबच्या डॉक्टरांना पालखीचं वजन हवं आहे, खांद्याची काळजी म्हणून. दादूस म्हणाला, “लिव, आठ जनं वाटून घेतात.” शेवटी एक ओळ होती. जत्रेच्या तारखा आजच कळवाव्यात, म्हणजे त्या पाहून वेळापत्रक बसवता येईल आणि करारात घालता येतील.

इथे माझं चुकलं.

आमच्या घरात तिथी आयला कळते आणि तारीख मला. आय त्या वेळी मागच्या दारी मासळी साफ करत होती. हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं. पण मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, एप्रिलचं पान उलटलं, पुनव कुठल्या तारखेला आहे ते पाहिलं, आणि पुढचा आणि मागचा दिवस धरून तीन तारखा लिहून पाठवल्या. शेजारी दादूस बसला होता. त्याने एवढंच विचारलं, “जत्रेचं लिवलंस ना?” मी म्हटलं, व्हय.

ते कॅलेंडर त्याच चालू वर्षाचं होतं. पुढच्या वर्षाचं अजून बाजारात यायचं होतं.

नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे आम्ही कराराची प्रत काढली. दादूसने प्रत्येक पानावर मोठी, गोल सही केली. झेरॉक्सवाल्याने स्कॅन करून दिलं आणि आम्हा दोघांना चहा पाजला. परत येताना दादूस म्हणाला, की दोन्ही जमलं, तिकडचंही आणि हिकडचंही, बाय शिकली म्हणून जमलं. त्या वाक्यावर मी तीन महिने चालत होते.

डिसेंबरात बाबांनी नवीन कॅलेंडर आणलं. बाबा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात, त्यांना कुठल्यातरी कचेरीतून मिळतं. आयने खिळ्याला लावायच्या आधी सवयीने चैत्र काढला आणि सहज म्हणाली, “औंदा पुनव लवकर हाय गं. अकरा दिवस.”

मी म्हटलं, असं कसं? ती म्हणाली, असं कसं म्हणजे, दर साली सरकते, चंद्र काय तुमच्या कॉलेजच्या घंटेवर चालतो का?

तुम्ही म्हणाल, एवढी साधी गोष्ट. साधीच होती. गावात शाळेत न गेलेल्या बाईलाही माहीत असलेली. म्हणूनच मला ती इतकी लागली.

दादूस तेव्हा राज्याच्या संघाबरोबर बाहेर खेळत होता. मी फोन केला. सांगताना रडू आलं, त्यामुळे त्याला आधी वाटलं काकीला काही झालं. मग त्याला कळलं. पलीकडे सराव चालू होता. कुणीतरी बॅट ठोकत होतं तेवढा आवाज.

“किती दिवस?”

“अकरा.”

“बरं. येव दे. मंग बगू.”

मी लगेच क्लबला दुसरं पत्र लिहिलं. या वेळी आयला शेजारी बसवून तारखा लिहिल्या. उत्तर सभ्य होतं, पण नाही होतं. जत्रेच्या दिवसांत चार दिवसांचा सामना होता, दुसऱ्या गावी, आणि पहिल्या रजेच्या तारखा मोकळ्या ठेवूनच सगळं वेळापत्रक बसवलेलं होतं. बाबांनी त्यांच्या पद्धतीचा उपाय सुचवला. ट्रेलरचे ड्रायव्हर करतात तसा. आदल्या दिवशी फोन करायचा, पोट बिघडलं म्हणायचं, आणि विमानात बसायचं. मी ते जसंच्या तसं दादूसला सांगितलं, कारण मला काहीही चाललं असतं.

तो म्हणाला, “खोटं बोलून पालखीखाली खांदा कसा लावायचा, बाय?”

मी म्हटलं, चूक माझी आहे, तू का सोसायचं?

“सही माझी हाय. तुजी न्हाय.”

मार्चअखेरीस निघताना दोन्ही घरांच्या पाया पडून गेला. आयच्या, बाबांच्या, आणि जाता जाता मजेत माझ्याही पायांकडे हात केला. मी पाय ओढून घेतले.

जत्रेच्या सकाळी त्याचा फोन आला. तिकडे अजून उजाडायचं होतं. म्हणाला, “फोन चालू ठेव. स्पीकर लावू नको. मना नुस्तं आयकव.”

मी काकीच्या शेजारी देवळापुढे उभी राहिले. ढोल थांबले. नानांनी दादूसच्या घराचा पुकारा केला. पहिला. लोक इकडेतिकडे बघू लागले. दुसरा. काकी समोर बघत होती, पदर तोंडावर घट्ट धरून. माझ्या हातात फोन होता आणि फोनमध्ये तो होता. बोट स्पीकरच्या खुणेवर ठेवलेलं होतं. मला वाटलं, दाबावं. त्याने एकदा “हाय” म्हणावं, नाना काय करायचं ते करोत. पण त्याने नको म्हटलं होतं. तिसरा पुकारा झाला. मी फोन कानाला लावला. पलीकडे श्वास होता. तो नेहमीसारखा थांबला होता, फक्त या वेळी खेळला नाही.

मग नानांनी भावकीतल्या पुढच्या घराचा पुकारा केला आणि हरेशने “हाय” म्हटलं. हरेश दादूसचा चुलतभाऊ. त्याची दोन टँकरांची एजन्सी आहे, मनाने बरा आहे, तोंडाने वाईट. त्याने नवीन फेटा आणून ठेवलेला होता हे सगळ्यांना दिसलं.

मी फोन तसाच हातात धरून पालखीमागे चालले. बांधावर हरेशने टाच मारली. मारली, पण चालता चालता, जशी लग्नात नाचताना मारतात तशी. बांधाच्या मधोमध त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पालखी पुढे कलली. मागच्या लोकांनी ओरडत दांडा वर खेचला, दोघंजण चिखलात उतरले, आणि देवी सावरली. हार तेवढा पाण्यात पडला.

फोनमधून आवाज येत होता. “बाय. काय झालं? बांध का?” त्याला न बघता कळलं होतं. “हरेशला सांग, आधी टाच. वजन मंग. आधी टाच.” पण त्या गोंधळात कुणाला काय सांगणार? आणि तेवढ्यात तिकडे कोणीतरी त्याचं दार वाजवलं, अजून झोपला नाहीस का म्हणून. त्याला सकाळी खेळायचं होतं. त्या दिवशी तो शून्यावर बाद झाला. गावात एकदोघांनी त्याचाही अर्थ लावला. मी लावत नाही.

अकरा दिवसांनी तो आला.

रजा करारात होती, म्हणून क्लबने तिकीट काढून दिलं होतं. जत्रा संपून गेली होती. पाळणे, खाजावाले, सगळे गेले होते, देवळापुढे खड्डे राहिले होते. काकी म्हणाली, येऊन आता काय करणार? तो म्हणाला, तीन दिवस मिळालेत, फुकट का घालवा. बॅग ठेवली, पाणी प्यायला, आणि सरळ हरेशच्या घरी गेला. मीही मागोमाग गेले. माझं तिथे काम नव्हतं.

हरेश पाय पसरून बसला होता, घोट्याला पट्टी. याला बघून म्हणाला, “आलास का मान मागाया?”

“न्हाय. बांध दाखवाया.”

हरेश काही तरी वाकडं बोलणार होता. पण तोवर दादूसने त्याच्या मांडवाचा एक बांबू उचलून खांद्यावर घेतला होता, आणि दुसरं टोक हरेशपुढे धरून तो उभा राहिला. म्हणाला, पुढं तू.

तर असे ते दोघे भर दुपारी मिठागराच्या बांधावर. खांद्यावर बांबू, त्याला काहीच टांगलेलं नाही. पुढे हरेश लंगडत आणि मागे दादूस, इंग्लंडहून आलेला, पायात चपला नाहीत. रस्त्यावरचे ट्रेलरवाले हॉर्न मारून जात होते. मी आणि काकी कडेला उभ्या होतो.

“टाच मार. चालू नको. थांब. आयक. काय आयकू आलं?”

“टँकर.”

“टँकर सोड. खाली आयक.”

असं चाललं होतं. एका जागी दादूसने त्याला तीनदा टाच मारायला लावली, मग वाकून हाताने माती उकरली. खाली खेकड्याचं बीळ निघालं, हात जाईल एवढं. हरेश बिळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तुजा बापूस आमाला का न्हाय शिकवला रं?” दादूस म्हणाला, “तुमी तवा षटकार मारीत व्हते.” हरेश हसला. त्याचं हसू ऐकून काकी माझा हात सोडून परत निघाली, तिला भाकऱ्या करायच्या होत्या, तीन माणसांच्या.

तेवढ्यात नाना आले. त्यांना कोणीतरी बातमी दिली असावी. नाना म्हणाले, की गावकीत बोलणं झालं आहे. रजेच्या तारखेत घोटाळा झाला असं कानावर आलं. तसं असेल तर ही गैरहजेरी धरू नये असं दोघातिघांचं मत आहे. नेमका काय घोटाळा झाला, कोणी केला, ते दादूसने गावकीपुढे सांगावं, म्हणजे मान परत घरात येईल.

मी बांधाच्या कडेला उभी होते. मी सांगायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. दादूसने माझ्याकडे न बघता म्हटलं, “तारीख मी चुकलो, नाना. घोटाळा काय न्हाय. पुकारा झाला, मी नव्हतो.”

नाना म्हणाले, परत विचार कर.

“पुढच्या साली मी असन का नसन, म्हाईत न्हाय. देवीला माज्या येळापत्रकावर कशाला थांबवता? हरेश हितं हाय. त्याचा कान जरा जड हाय, पन येल.”

हरेश म्हणाला, कान जड तुझ्या बापसाचा. मग जीभ चावली. मग दोघांनी बांबू पुन्हा खांद्यावर घेतला. नाना थोडा वेळ बघत उभे राहिले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हरेश एकटा, मागून कुणी न सांगता, अख्खा बांध पार करून गेला. पलीकडून त्याने हात केला. दादूस अलीकडेच उभा होता. त्याने हात केला नाही. त्याने उजवी टाच हळूच तीन वेळा मारली आणि ऐकलं. तिथे बांध पक्का होता, ते त्याला माहीत असणार. मग तो घरी आला, बॅग भरली. सुकट या वेळी कमी घेतली. मला म्हणाला, “रडू नको आता. चेंडू सोडता पन यावा लागतो.”

त्या सप्टेंबरात क्लबने करार पुन्हा वाढवला, या वेळी तीन वर्षांसाठी. कागद आमच्याच ओटीवर आला. पण या खेपेला त्याने तो स्वतः वाचला, ओळीखाली बोट ठेवून, आणि मला फक्त चार शब्द विचारले. मी विचारलं, जत्रेचं काय लिहू? आयला मी आधीच बोलावून बसवलं होतं. त्याने सही करता करता मान हलवली. “न्हाय. मी असलो तं मागं चालीन.” आणि तीच मोठी, गोल सही.

आता तो वर्षातले सहा महिने तिकडे असतो आणि उरलेल्यातले बरेच दिवस कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात. शेजारच्या भिंतीतून एकाच माणसाच्या भाकरीचा आवाज येतो.

यंदाच्या जत्रेला नानांनी हरेशच्या घराचा पुकारा केला. पहिल्यालाच ओ आली. बांधावर हरेश थांबला. मागचे सात जण थांबले, ढोल थांबले. त्याने टाच मारली. तीन वेळा. मान वाकडी करून ऐकलं, अगदी त्याच बाजूला वाकडी, आणि मग एक पाऊल डावीकडे सरकून पालखी नेली.

दुपारी जेवणं झाल्यावर काकी आमच्याकडे आली. मी मोबाइलवर सामना लावला. त्यांचे सामने आता फोनवर दिसतात. हिरवंगार मैदान, ढगाळ, तुरळक माणसं स्वेटर घालून बसलेली. त्यांची एक विकेट पडली आणि दादूस पायऱ्या उतरून चालत आला, लहानसा, पांढरा. चेहरा दिसत नव्हता. काकीने चष्मा पुसला आणि फोन माझ्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ धरला.

तो खेळपट्टीवर आला. टाच मारली. एक, दोन, तीन. थांबला.

काकीही थांबली. मग तो अंपायरकडे वळला, तेव्हा तिने श्वास सोडला आणि फोन माझ्या हातात परत दिला.

“चल,” ती म्हणाली, “पालखी गेली पल्याड.”